सात, सेत्ते, हफ्त, सेव्हन: आकड्यांच्या नात्यागोत्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मराठी शिकवताना आणि गप्पांच्या ओघात आकड्यांच्या नावांबद्दल मला जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले गेले, ते इथे एकत्र केले आहेत. काहींची उत्तरं लांबली आहेत, कारण त्या शब्दांत सांगण्यासारखं खूप आहे.

मराठी ‘सात’ आणि इंग्रजी ‘सेव्हन’ खरंच एकाच घरातले आहेत का?

हो. संस्कृत सप्त, फारसी हफ्त, ग्रीक हेप्ता, लॅटिन सेप्टेम, रशियन सेम्, लिथुआनियन सेप्तिनी, इंग्रजी सेव्हन ही सगळी एकाच मूळ शब्दाची रूपं आहेत. ज्या भाषेत तो मूळ शब्द होता, ती कोणी लिहून ठेवली नाही. पण तिच्या लेकी युरोपपासून बंगालपर्यंत पसरल्या, आणि त्यांच्या शब्दांवरून आईचा चेहरा बराचसा जुळवता येतो. या कुळाला भारत-युरोपीय म्हणतात.

आपला ‘सात’ थेट ‘सप्त’पासून उडी मारून आलेला नाही. मधे प्राकृतातला ‘सत्त’ आहे. प्राकृतात जोडाक्षर सोपं होऊन एकच व्यंजन दुहेरी झालं, मग मराठीत ते एकेरी झालं आणि आधीचा स्वर लांबला: हस्त, हत्थ, हात, कर्म, कम्म, काम, सप्त, सत्त, सात, अष्ट, अट्ठ, आठ. आकडे म्हणजे काही वेगळी जमात नाही. बाकीचे शब्द ज्या वाटेने आले, त्याच वाटेने तेही आले.

गंमत म्हणजे इटालियन लोकांच्या जिभेनेही हेच केलं. लॅटिन सेप्टेमचं त्यांनी सेत्ते केलं, ऑक्टोचं ओत्तो. पुण्यातला ‘सात’ आणि रोममधला ‘सेत्ते’ एकमेकांना न भेटता सारख्याच पद्धतीने झिजले.

पण ‘पाच’ आणि ‘फाइव्ह’ तर अजिबात सारखे वाटत नाहीत. मग नातं कसं सांगता?

सारखं वाटणं हा पुरावाच नव्हे. पुरावा असतो तो फरकातल्या शिस्तीचा. जिथे संस्कृत-लॅटिन-ग्रीकमध्ये ‘प’ आहे, तिथे शब्दाच्या सुरुवातीला इंग्रजीत ‘फ’ येतो: पितृ आणि फादर, पद आणि फुट, पञ्च आणि फाइव्ह. जिथे ‘द’ आहे तिथे ‘ट’ येतो: द्वि आणि टू, दश आणि टेन, दन्त आणि टूथ. डेन्मार्कच्या रास्मुस रास्कने १८१८ मध्ये आणि जर्मनीच्या याकोब ग्रिमने १८२२ मध्ये हे नियम मांडले आणि भाषांचा अभ्यास अंदाजाच्या पातळीवरून शास्त्राच्या पातळीवर आला.

शंभराच्या शब्दावरून तर या कुळाचे दोन मोठे गट ओळखले जात. लॅटिनमध्ये केंटुम, संस्कृतात शतम्, अवेस्तात (पारशांच्या धर्मग्रंथाच्या जुन्या इराणी भाषेत) सतॅम, लिथुआनियनमध्ये शिम्तास, रशियनमध्ये स्तो. मूळचा ‘क’सारखा ध्वनी काही भाषांनी ठेवला आणि काहींनी त्याचा ‘श’ किंवा ‘स’ केला. इंग्रजीने त्या ‘क’चा ‘ह’ केला, म्हणून ‘हंड्रेड’. आपलं दोनशे-तीनशेमधलं ‘शे’ त्याच ‘शत’चं.

हे साम्य सर्वांत आधी कोणाच्या लक्षात आलं?

शालेय पुस्तकांत विल्यम जोन्सचं नाव येतं, कारण २ फेब्रुवारी १७८६ रोजी कोलकात्याच्या एशियाटिक सोसायटीत त्याने संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन एकाच उगमाच्या असाव्यात असं ठामपणे सांगितलं. पण त्याच्या दोनशे वर्षं आधी ही गोष्ट आपल्या पश्चिम किनाऱ्यावर दोन माणसांच्या ध्यानात आली होती, आणि ती अधिक सांगितली जावी असं मला मनापासून वाटतं.

पहिले फादर थॉमस स्टीफन्स. मराठीत ख्रिस्तपुराण रचणारे तेच हे गोव्याचे इंग्रज जेझुइट. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात त्यांनी इथल्या भाषांची रचना ग्रीक आणि लॅटिनशी जुळते असं नोंदवलं. दुसरा फ्लॉरेन्सचा व्यापारी फिलिप्पो सास्सेत्ती. त्याने त्याच दशकात घरी कळवलं की इथल्या विद्येच्या भाषेत आमचे बरेच शब्द आहेत, विशेषतः सहा, सात, आठ आणि नऊ हे आकडे, शिवाय देव आणि सर्प. तो १५८८ मध्ये गोव्यातच वारला. त्या पत्रांवर तेव्हा कोणी पुढे काम केलं नाही.

व्यापाऱ्याच्या कानाला आधी आकडे जाणवले, यात मला नवल वाटत नाही. बाजारात दिवसभर तेच कानावर पडतात.

हिंदीत ‘दो’, गुजरातीत ‘बे’, मग मराठीत ‘दोन’ कुठून आला?

या तिघांचंही मूळ संस्कृत ‘द्वि’, ‘द्वे’ हेच आहे. ‘द्व’ उच्चारायला अवघड. काही ठिकाणी त्यातला ‘द’ टिकला, काही ठिकाणी ‘व’चा ‘ब’ होऊन तो टिकला. गुजराती आणि सिंधीने ‘ब’ घेतला, हिंदीने ‘द’ घेतला.

मराठीने दोन्ही ठेवले. सुटा आकडा म्हणताना आपण ‘दोन’ म्हणतो, पण बारा, बावीस, बत्तीस, बावन्न, बासष्ट, बहात्तर या सगळ्यांत ‘ब’ बसलेला आहे. आणि पाढा? ‘बे एके बे, बे दुणे चार.’ ‘दोन एके दोन’ असं आपण म्हणत नाही. ज्यांना ‘बे’ हा गुजराती शब्द वाटतो, त्यांनी लहानपणी तोच शब्द घोकलेला असतो.

उरला ‘दोन’मधला ‘न’. तो शेजाऱ्याकडून आला आहे. संस्कृत ‘त्रीणि’चं प्राकृतात ‘तिण्णि’ झालं, त्यात ‘ण’ मुळातच होता. त्याच्या तालावर लोकांनी ‘दो’चं ‘दोण्णि’ केलं. आकडे नेहमी ओळीने म्हटले जातात, त्यामुळे एकाचा आवाज दुसऱ्याला लागतो. रशियनमध्येही असंच झालं आहे. संस्कृत नव, लॅटिन नोव्हेम, पण रशियनमध्ये नऊला ‘देव्यात्’ म्हणतात. हा ‘द’ पुढच्या ‘देस्यात्’, म्हणजे दहा, याच्याकडून आला. इंग्रजी ‘फोर’मधला ‘फ’ही पुढच्या ‘फाइव्ह’चा परिणाम मानला जातो. सगळीकडची मुलं आकडे एका दमात म्हणत आली, त्याच्या या खुणा.

सहा, सोळा, सव्वीस, छत्तीस, सेहेचाळीस, छप्पन्न, शहाण्णव… सहाची इतकी रूपं का?

हा माझा सर्वांत आवडता प्रश्न आहे. संस्कृत ‘षष्’चं प्राकृतात ‘छ’ झालं. हिंदीने तो ‘छ’ ठेवला. मराठीची सवय वेगळी: जिथे हिंदीत ‘छ’, तिथे मराठीत बहुधा ‘स’. हिंदी छुरी, मराठी सुरी. मछली, मासा. कछुआ, कासव. पूछना, पुसणे. त्याच नियमाने छह आणि सहा, छब्बीस आणि सव्वीस. पुढे ‘य’, ‘ए’सारख्या ध्वनींजवळ ‘स’ आणि ‘श’ यांची अदलाबदल होते, म्हणून शहात्तर, शहाऐंशी, शहाण्णव.

छत्तीस आणि छप्पन्न मात्र या नियमाला जुमानत नाहीत. माझं मत असं की हे दोन शब्द शेजारच्या भाषांच्या प्रभावाखाली टिकले किंवा बाहेरून परत आले. सोळा तर संस्कृत ‘षोडश’चा, त्यात ‘ष’चा थेट ‘स’ झालेला. आणि क्रिकेटमुळे ‘षटक’ आणि ‘षटकार’ म्हणून मूळ संस्कृत रूपही रोज आपल्या तोंडी आहे. एकाच सहाचे तीन जमान्यांतले अवतार आपण दिवसभरात सहज वापरतो.

एकोणीसमध्ये ‘एक’ कसा काय? त्यात तर नऊ हवा.

एक + ऊन + विंशति, म्हणजे विसाला एक कमी. तो ‘ऊन’ म्हणजे उणा. गणितातलं ‘उणे’ही तेच, आणि ‘पाऊण’मध्येही तोच आहे: पाद + ऊन, पावभर कमी. लॅटिनमध्येही एकोणिसाला ‘उनदेविगिंती’ म्हणत, अर्थ तोच, विसातून एक काढून. ते अठरालाही ‘विसातून दोन काढून’ म्हणत, तिथपर्यंत आपण गेलो नाही.

मराठीत ही पद्धत एकोणनव्वदपर्यंत नीट चालते. हिंदीत एकोणनव्वदला ‘नवासी’ म्हणतात, म्हणजे तिथे ती आधीच सुटते. आपण नव्व्याण्णवला सोडतो.

‘पंचवीस’ म्हणावं की ‘वीस पाच’?

२०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस एक’, ‘वीस दोन’ अशी वाचनपद्धती आली आणि महाराष्ट्रभर वाद झाला. त्या वादात एक माहिती फारशी कोणी सांगितली नाही: नॉर्वेने हा बदल १९५१ मध्ये सरकारी निर्णयाने केला. त्यांच्याकडेही ‘पाच आणि वीस’ म्हणायची जुनी रीत होती. टेलिफोनचे नंबर ऐकून उलटे फिरवले जात, म्हणून टेलिफोन खात्याने दशक आधी म्हणण्याचा आग्रह धरला. तरी जुनी रीत तिथे बोलण्यातून पूर्ण गेली नाही. जर्मन लोक आजही ‘पाच आणि वीस’च म्हणतात.

एकक आधी म्हणणं ही आपली चूक नाही, ती ‘पञ्चविंशति’पासूनची चाल आहे. पण लिहिताना दशक आधी येतं आणि लहान मुलं गोंधळतात, हेही मी वर्गात पाहिलं आहे. पायरी म्हणून ‘वीस पाच’ जरूर वापरावं. पायरी चढून झाल्यावर ‘पंचवीस’ शिकवलाच पाहिजे, कारण त्रेसष्ट, सत्त्याहत्तर हे शब्द एकदा एका पिढीच्या तोंडून गेले की पुस्तकातून परत येत नाहीत.

दीड, अडीच हे शब्द कुठून आले? आणि औट म्हणजे काय?

अडीच म्हणजे ‘अर्धतृतीय’, ‘तिसरा अर्धा’. दोन पूर्ण झाले, तिसरा अर्धाच आहे. प्राकृतात त्याचं ‘अड्ढाइज्ज’ झालं, हिंदीत ढाई, मराठीत अडीच. औट म्हणजे ‘अर्धचतुर्थ’, चौथा अर्धा, म्हणजे साडेतीन. संतांच्या वाङ्मयात देहाला औट हाताचा म्हणतात तो हाच औट. दीड ‘द्व्यर्ध’पासून आला.

माझ्या आजोबांना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, अडीचकी आणि औटकी हे सगळे पाढे पाठ होते. औटकी म्हणजे साडेतीनचा पाढा. मी अडीचकीपर्यंत शिकलो आणि थांबलो, याची मला आजही खंत आहे.

आता हीच विचाराची पद्धत युरोपात पाहा. प्राचीन रोममध्ये ‘सेस्टर्टियस’ नावाचं नाणं होतं. शब्दाचा अर्थ ‘अर्धा तिसरा’, मूळची किंमत अडीच ‘आस’ (आस हे दुसरं एक नाणं). म्हणजे रोमन बाजारात हातोहात फिरणाऱ्या नाण्याचं नाव शब्दशः ‘अडीच’ होतं. रशियनमध्ये दीडला ‘पोल्तोरा’ म्हणतात, अर्थ ‘अर्धा दुसरा’. जर्मन माणूस घड्याळात ‘अर्धे तीन’ म्हणतो तेव्हा अडीच वाजलेले असतात. डॅनिशमध्ये पन्नासला ‘हाल्वत्रेस’ म्हणतात, त्याचा मूळ अर्थ ‘अर्धा तिसरा गुणिले वीस’: अडीच विसा पन्नास! आपल्याकडे विसांनी मोजणारा जुना माणूस हे लगेच ओळखेल.

यातले शब्द एकमेकांपासून निघालेले नाहीत. मोजायची नजर मात्र तीच आहे: किती पूर्ण झाले यापेक्षा कितव्याच्या मध्यावर आहोत, हे सांगायचं.

‘हजार’ फारसी आहे. मग ‘सहस्र’च म्हणायला हवं का?

हजार फारसीतून आला हे खरं, पण तो परका नाही, चुलतभाऊ आहे. संस्कृतातल्या ‘स’चा इराणी भाषांत ‘ह’ होतो: सप्त आणि हफ्त, सिंधु आणि हिंदु. तसंच सहस्र आणि अवेस्तातला हजङ्र, तोच पुढे हजार. बँकेचा ‘हप्ता’ त्याच ‘हफ्त’मधून आला, मुळात सात दिवसांचा आठवडा. हाताचा ‘पंजा’ आणि पाच नद्यांचा पंजाब ‘पंज’मधून आले. यातलं काही काढून टाकावं असं मला वाटत नाही.

उलट दिशेनेही प्रवास झाला. कानडीतला ‘साविर’ म्हणजे हजार, तो सहस्रापासूनचा. इंडोनेशियात दशलक्षाला ‘जुता’ म्हणतात, तो संस्कृत ‘अयुत’ आहे. मात्र आपल्याकडे अयुत म्हणजे दहा हजार. शब्द समुद्रापार गेला तेव्हा किंमत वाढली.

तमिळमध्ये आठला ‘एट्टु’ आणि कानडीत ‘एंटु’ म्हणतात. म्हणजे त्याही भाषा आपल्या कुळातल्या?

नाही. एका शब्दावर भुलायचं नाही, पूर्ण ओळ म्हणून बघायची. कानडी: ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु, ऐदु, आरु, एळु, एंटु, ओंबत्तु, हत्तु. इथे आठ सोडला तर काहीच जुळत नाही. आणि तो आठही फसवा आहे. द्राविडी भाषांतलं त्याचं मूळ ‘एण्’. तमिळमध्ये ऐंशीला ‘एण्पदु’ म्हणतात, तिथे ते उघडं दिसतं. आपला आठ ‘अष्ट’मधून आला. दोन वेगळ्या ओढ्यांचं पाणी एका ठिकाणी एकाच रंगाचं दिसावं, तसं हे आहे.

मलय भाषेत दोनला ‘दुआ’ म्हणतात, तेही योगायोगानेच. त्यांचा तीन ‘तिगा’, सहा ‘एनाम’, सात ‘तुजुह’. ओळ म्हटली की भ्रम फिटतो.

महाराष्ट्रातल्या आदिवासी भाषांचं काय?

गडचिरोली-चंद्रपूरकडची गोंडी द्राविडी कुळातली आहे: उंडी, रंड, मूंड, नालूंग. मेळघाटातली कोरकू मात्र तिसऱ्याच कुळातली. कोरकूत मोजतात: मिया, बारी, आफई, उफुन. त्याच कुळातल्या संथालीत: मित्, बार, पे, पोन. कंबोडियाच्या ख्मेरमध्ये तीन आणि चार म्हणजे बेइ, बुऑन. व्हिएतनामीत बा, बोन. अमरावती जिल्ह्यातल्या माणसाचे आकडे व्हिएतनामी आकड्यांचे नातलग आहेत.

एका राज्यात तीन स्वतंत्र कुळांचे आकडे बोलले जातात आणि शाळेत आपण त्यांतले फक्त एका कुळाचे शिकवतो. मेळघाटातल्या शिक्षकाने कोरकू आकडे फळ्यावर लिहिले, तर मराठी मुलांचंही काही अडणार नाही.

आकडे दुसऱ्या भाषेतून उसने घेतले जातात का?

लहान आकडे सहसा घेतले जात नाहीत, म्हणूनच नातं शोधायला ते उपयोगी. पण घेतले जातात, आणि तेव्हा ते प्रवासाचा दाखला होतात. युरोपातल्या रोमा लोकांची भाषा उत्तर भारतातून गेलेली आहे: यॅक, दुई, त्रिन, श्तार, पांज, शोव. इथपर्यंत आपलं. पुढे एफ्ता, ओख्तो, एन्या. हे तीन ग्रीक आहेत! मग देश म्हणजे दहा आणि बिश म्हणजे वीस, पुन्हा आपले. त्यांचे पूर्वज ग्रीक बोलणाऱ्या मुलखात बराच काळ राहिले हे कळायला या तीन शब्दांची मोठी मदत झाली.

बलुचिस्तानातली ब्राहुई याच्या उलट. ती द्राविडी आहे, पण तिच्याकडे स्वतःचे तीनच आकडे उरले: असिट, इरट, मुसिट. चारपासून इराणी शब्द. ज्या समाजात बाजार दुसऱ्यांच्या भाषेत चालतो, तिथे मोठे आकडे आधी जातात.

‘झीरो’ आणि ‘शून्य’ यांचं नातं काय?

उच्चाराचं नाही, अर्थाचं. शून्य म्हणजे रिकामं. अरबांनी त्याचं भाषांतर केलं ‘सिफ्र’, रिकामं. पिसाच्या फिबोनाचीने १२०२ मध्ये त्याचं लॅटिन रूप ‘झेफिरम’ लिहिलं, त्याचं पुढे झीरो झालं.

आपल्या आकड्यांचा जुन्यात जुना लेखी पुरावा भारतातच असेल ना?

तो तुर्कस्तानात सापडला. बोगाझकॉय इथे हित्ती राज्याच्या जुन्या राजधानीत मातीच्या पाट्यांवर घोडे तयार करण्याचं एक पुस्तक मिळालं. लिहवणारा मितन्नी देशाचा किक्कुली, काळ सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वीचा. मजकूर हित्ती भाषेत, पण घोड्याने किती फेऱ्या मारायच्या ते शब्द असे: ऐकवर्तन्न, तेरवर्तन्न, पंजवर्तन्न, सत्तवर्तन्न, नावर्तन्न. एक, तीन, पाच, सात, नऊ. वर्तन म्हणजे फेरी, आपलं ‘आवर्तन’.

‘ऐक’ हा शब्द महत्त्वाचा. इराणी शाखेत एकाला ‘ऐव’ म्हणत. या मजकुरात मात्र ‘क’ आहे, म्हणजे घोड्यांचं हे शास्त्र ज्यांच्याकडून आलं, ते आपल्या शाखेची भाषा बोलणारे होते.

विटीदांडूतल्या ‘वकट, लेंड, मूंड’ला काही अर्थ आहे का?

आहे. गावागणिक शब्द थोडे बदलतात, पण वकट, लेंड, मूंड, नाल हा क्रम बहुतेकांना आठवतो. आता तेलुगू आकडे म्हणा: ओकटि, रेंडु, मूडु, नालुगु. एकाला कानडीत ‘ओंदु’ आणि गोंडीत ‘उंडी’ म्हणतात, ‘ओकटि’ हे रूप तेलुगूचं आहे. म्हणून हे शब्द तेलुगूकडून आले असं मी मानतो. पाढे म्हणताना मुलं संस्कृतकडून आलेले आकडे घोकत होती आणि शाळा सुटल्यावर मैदानात, विटी कुठे लागली ते ओरडून सांगताना, तेलुगूत मोजत होती.

तुमच्या गावात ‘नाल’नंतर काय म्हणत, ते घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला आजच विचारा आणि लिहून ठेवा.